वर्तन शक्यतो उत्तम

माझ्या नणंदेला पुरस्कार मिळाला त्या दिवशी त्यांचे पाय सुजले होते आणि सभागृहाची लिफ्ट बंद होती. हे मुद्दाम सांगते, कारण पेपरात फक्त हसरा फोटो आला.

ताई गणिताच्या शिक्षिका. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी शिक्षण खात्याचे उंबरठे झिजवणं काही सुटलं नाही. तिथल्या कारकुनांनी त्यांचं नाव ‘तगादाबाई’ ठेवलंय. मागणी एकच: जे मूल वर्गाच्या पुढे धावतंय, त्याला निदान त्या एका विषयापुरतं वरच्या वर्गात बसू द्या. एवढ्याशा गोष्टीसाठी बाईचं अर्धं आयुष्य खर्ची पडलं.

सुरुवात माझ्या लेकीपासून झाली. चौथीत होती. वर्गातल्या बाई फळ्यावर गणित लिहीत असायच्या तोवर ही उत्तर सांगून मोकळी. वर ‘असंच का, तसं का नाही’ हे शेपूट. बाईंनी प्रगतिपुस्तकात शेरा मारला, ‘मुलगी आगाऊ आहे.’ माझे यजमान हसले, मी चिडले, ताई मात्र त्या शब्दावरच अडून बसल्या.

“अगं, भाडं आगाऊ दिलं की घरमालक बसवून चहा पाजतो. उत्तर आगाऊ दिलं की पोरीला वर्गाबाहेर उभं करतात. शब्द तोच ना?”

त्यांनी तिला पाचवीच्या गणिताला बसवायची परवानगी मागितली. मुख्याध्यापक म्हणाले, तसा नियम नाही. ताई म्हणाल्या, मग नियम करून आणते. त्या नियम आणेपर्यंत पोरगी मोठी झाली. आधी तिने हात वर करणं सोडलं, मग मान वर करणं. शेरे भराभर सुधारले. आता ती विम्याच्या कचेरीत आहे, साहेब बोट ठेवतील तिथे सही करते, आणि घरी काही विचारलं तर ‘ठीक’ म्हणते. माझा जीव तुटतो. पण शहाण्यासारखं वागणाऱ्या मुलीची तक्रार करायची तरी कोणाकडे?

अखेर असल्या मुलांसाठीचं धोरण ठरलं आणि त्याच्या पाठपुराव्याबद्दल ताईंना पुरस्कार जाहीर झाला. घरात पेढ्यांची भाषा सुरू झाली, तेवढ्यात मसुदा हाती आला. त्यात कोणीतरी एक अट घुसवली होती: विद्यार्थ्याचे वर्तन उत्तम असावे. झालं, मुळावरच घाव. ज्या पोरांना आगाऊ म्हणून बाहेर काढलं, त्यांचं वर्तन उत्तम आहे असं लिहून कोण देणार?

“जाऊच नका त्या समारंभाला,” मी म्हटलं. “हातात फुलं देतील आणि तोंड बंद करतील.”

“न जाऊन काय होणार? बाई रुसल्या म्हणतील. रुसलेल्या माणसाला कोण विचारतं? गेले तर माइक तरी मिळेल.”

“आणि पाय?”

“पायांचं काय, ते घरी बसूनही सुजतातच.”

जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्या थांबत होत्या. वर खात्याच्या सचिवसाहेबांनी आपणही लहानपणी किती हुशार होतो ते सांगितलं, चांगलं ऐसपैस सांगितलं. मग काचेचं जड स्मृतिचिन्ह ताईंच्या हाती आलं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि माइक धरला. आभाराची दोन वाक्यं बोलायची, असं आधीच बजावलेलं होतं.

“साहेब, ती वर्तनाची अट काढून टाका,” ताई म्हणाल्या. “माझ्या भाचीचं वर्तन चौथीपर्यंत वाईट होतं. पुढे ते उत्तम झालं, आणि ती आमच्या हातून गेली. ती बघा, तिसऱ्या रांगेत बसलीय.”

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मला ताईंचा असा राग आला म्हणता! चारचौघांत पोरीचं असं काढायचं? लेक मात्र खाली बघत पुटपुटली, “खरंच बोलतेय आत्या.” सचिवसाहेब हसून म्हणाले, “बघू, नक्की बघू.” टाळ्या झाल्या आणि सगळे चहाला उठले.

बघितलं त्यांनी. महिन्याभराने आदेश निघाला. ताई डोळ्यांत औषध घालून पडल्या होत्या, म्हणून लेकीने वाचून दाखवला: “विद्यार्थ्याचे वर्तन शक्यतो उत्तम असावे.”

इतक्या वर्षांची पायपीट आणि पदरात काय, तर एक ‘शक्यतो’. डोंगर पोखरून निदान उंदीर तरी निघतो. मी तोंडाला येईल ते बोलले. ताईंच्या अंगात भांडायचंही त्राण नव्हतं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “तेवढ्या फटीतून चार पोरं सुटतील.”

लेकीने कागद खाली ठेवला नव्हता. “पण शक्यतो म्हणजे किती, हे कोण ठरवणार, आत्या?”

किती वर्षांनी त्या पोरीने काही विचारलं होतं. मी निवडायची भाजी तशीच ठेवून ऐकत राहिले.

“वर्गशिक्षक,” ताई म्हणाल्या.

लेक कागदाची घडी घालत अगदी शांतपणे म्हणाली, “म्हणजे मी आजही बाहेरच उभी असते.”

“हो,” ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मला मात्र आवरेना, मी उठून आत गेले.