मुलगा बघायला कच्छच्या घळीत

इंदुरात पोह्यांचं काय ते अप्रूप! रोज सकाळी गल्लोगल्ली मिळतात. त्यामुळे पोहे खाता खाता नवरा पसंत करायचा, हे माझ्या भाचीला कधी पटलंच नाही. मुक्ता तीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट, आणि स्वतःच्या पगारातून घेतलेल्या फोर-बाय-फोर जीपची मालकीण. कॉलेजसाठी देवासहून माझ्याकडे आली ती राहिलीच. मी तिची आत्या. शाळेतून निवृत्त झालेय, लग्न केलं नाही, तोंड जरा तिखट आहे.

अनिरुद्धचं स्थळ मीच आणलं. देपालपुरात बँकेत आहे, रोज बसने जातो-येतो. तो आणि त्याची आई आमच्याकडे आले, पोह्यांवर आमचा इंदुरी जिरावन मसाला भुरभुरून झालं, आणि मुक्ता म्हणाली, "सोफ्यावर बसून काय कळणार? मी पुढच्या आठवड्यात कच्छला चाललेय, कडिया ध्रोच्या घळीत. जीपमध्ये चार-पाच दिवस काढले की माणूस कळतो. चलता का?"

त्याच्या आईचा चमचा हातातच राहिला. "आत्या सोबत असतील तर…" त्या कशाबशा म्हणाल्या. झालं! माझी बॅग भरायला घेतली.

आता खरं सांगून टाकते. मला हे लग्न जमायला हवं होतं, आणि जमायला नकोही होतं. जमलं तर घरात मी आणि माझी दुखरी कंबर, दोघीच उरणार होतो. मुक्ता रोज कमरेचे व्यायाम करायला सांगते, मी रोज नवीन सबब काढते, आणि मग आमचं भांडण होतं. त्या भांडणावर माझा दिवस चालतो हो.

तुम्हाला जायचं असेल तर तयारीचं ऐका. हिवाळ्यातच जा. पावसाळ्यात नदीला पाणी असतं, उन्हाळ्यात तिथला दगड तव्यासारखा तापतो. मुक्ताने घेतलं ते असं: जादा टायर, ओढायचा पट्टा, फावडं, चाकात हवा भरायचा छोटा पंप, पाण्याचे कॅन. मी घेतलं ते असं: लवंगी शेव, परमल म्हणजे आमचे कुरमुरे, शंकरपाळे, जिरावन. तिने माझी अर्धी पिशवी परत घरात नेऊन ठेवली.

"आत्या, वाळूत वजन नको."

"शेवेचं कसलं गं वजन?"

"तू घेतेस तेवढीचं असतं."

उजाडायच्या आत निघालो. पुढची सीट माझी, हा आमचा जुना रिवाज. मानपुरच्या कच्च्या रस्त्यांवर मुक्ता जीप शिकली तेव्हापासून तिच्या बाजूला मीच बसत आलेय, देवाचं नाव घेत. या खेपेला अनिरुद्धला पुढे बसवलं आणि मी मागे, स्लीपिंग बॅगांच्या शेजारी. टोचलं.

धार, झाबुआ, दाहोद, गोध्रा आणि मुक्कामाला अहमदाबाद. घाटाचा तुकडा सोडला तर रस्ता छान आहे. टोलनाके बरेच लागतात, त्यामुळे फास्टॅग भरून ठेवा. दाहोदजवळ चहाला थांबलो. चहावाल्याने जीपकडे बघून अनिरुद्धला विचारलं, "मस्त गाड़ी है भैया, कितना चलाते हो?"

"मैडम चलाती हैं," तो म्हणाला. "मैं तो सवारी हूँ."

मी कचोरीचा मोठा घास घेतला, कारण मला हसू आलं होतं आणि ते दाखवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भुज. खाडीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग दिसायला लागतात आणि हवा कोरडी होते. भुजमध्ये दाबेली खाल्ली. मी तिच्यावर जिरावन टाकलं, दुकानदाराने डोळे मोठे केले, मग स्वतःच चिमूटभर मागून घेतलं.

तिसऱ्या दिवशी नखत्राणाच्या बाजूने घळीकडे वळलो. डांबर संपतं तिथल्या गावात रस्ता विचारूनच पुढे जा, नियम आणि वाटा दोन्ही बदलत असतात. तिथल्या एका म्हाताऱ्या काकांनी बजावलं होतं, "नदी में रेत ढीली है, बेन." मग धुळीची वाट, खड्डे, काटेरी बाभळी. अनिरुद्धचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. मी मागून आलेपाकाची वडी पुढे केली, ती त्याने गालात धरली.

आणि कोरड्या नदीपात्रात जीप रुतली. मागची चाकं गरगर फिरली आणि बसली. मुक्ताने लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढला.

मी मनात म्हटलं, आता बघू या. माझा अनुभव असा की गाडी अडली की ज्याला सायकल धड येत नाही तोही पुरुष खिडकीशी येऊन "डावीकडे घ्या, डावीकडे!" करतो. अनिरुद्ध उतरला. बाभळीपाशी जाऊन ओकला. तोंड धुऊन परत आला आणि म्हणाला, "मी काय करू?"

एवढंच. तीन शब्द.

"चाकांची हवा काढ," मुक्ता म्हणाली. "मी सांगेन तेव्हा थांब."

तुम्हीचं तू झालेलं माझ्या कानाने बरोबर टिपलं. हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूवर नीट बसतो, हे तिने त्याला समजावलं. दोघं चारी चाकांपाशी गुडघे टेकून फिरले, त्याने फावड्याने वाळू उपसली, आणि मी व्हॉल्व्हच्या टोप्या मुठीत धरून उभी होते. मग फोर-लो, म्हणजे चारी चाकांना जोर देणारा सावकाश गिअर, टाकून मुक्ताने जीप अशी सावकाश बाहेर काढली की मी टाळ्याच वाजवल्या. दोन टोप्या वाळूत पडल्या, त्या शोधण्यात पुन्हा वेळ गेला.

घळ मात्र काय सांगू! शेवटचा पल्ला चालत जावा लागतो. एकदम जमीन संपते आणि खाली हिरवं, संथ पाणी. दगडांवर तांबडे, करडे, पिवळट पट्टे, पाण्याने घासून घासून गुळगुळीत केलेले. आम्ही तिघं कडेला बसलो. शेव फिरत होती.

"आत्या, जागा एकदम भारी आहे," अनिरुद्ध म्हणाला. मग मुक्ताकडे वळला. "पण मी परत नाही येणार. मला हे नाही झेपत, नाही आवडत. मतलब तू जा, खुशाल जा, जीपची काळजी मी घेईन. पण मला नको नेऊस."

मुक्ता पाण्याकडे बघत "बरं" म्हणाली.

मोडलं, मला वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. लगेच स्वतःचा रागही आला. चांगला मुलगा होता हो, आणि मी त्याच्या नकारावर शंकरपाळे खात बसले होते.

डांबरावर आल्यावर पंपाने हवा भरली आणि परतीचे दोन दिवस तो मागे गाढ झोपून आला. मी पुढे. त्याला त्याच्या दारात सोडलं, घरी आलो, जीप लावली. ती बंद गाडीत तशीच बसून राहिली.

"आत्या, त्याच्या आईला हो कळव."

"अगं, पण तो तर म्हणाला…"

"आधी बघायला आलेले दोघं म्हणाले होते, आम्हालाही जीप खूप आवडते. दुसऱ्या भेटीत विचारलं, लग्नानंतर विकशील ना? याने आवडत नाही ते तोंडावर सांगितलं आणि मला जा म्हणाला." तिने किल्ली काढली. "आणि तो येणार नाही म्हणजे ही सीट तुझीच. पुढच्या हिवाळ्यात स्पिती. ते रस्ते कंबर मोडणारे आहेत, बघ बाई."

मला रडू आलं. मी ते धुळीवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी मुक्ता उठून बाहेर आली तेव्हा मी हॉलमध्ये चटई अंथरून, गुडघे पोटाशी घेऊन, दहापर्यंत मोजत होते.