सासऱ्यांची पहिली धार

माणसाच्या लघवीकडे इतक्या आदराने पाहणारा माणूस आमच्या साडूंशिवाय कोल्हापुरात दुसरा जन्मला नसेल. नव्वदच्या दशकात ते एका प्रयोगशाळेत लिक्विड क्रोमॅटोग्राफीचं यंत्र चालवत. बिडी-तंबाखूनं पेशींना आतून गंज चढतो, त्याच्या खुणा लघवीत उतरतात आणि यंत्र त्या वेगळ्या काढून कागदावर त्यांची शिखरं रेखतं, हे ते मला नेमकं तांबड्या रश्श्याच्या पंगतीत समजावत; मी हातातली वाटी खाली ठेवत असे. लग्नात कुणी बिडी ओढताना दिसला की सोनारानं जुन्या दागिन्याकडे पाहावं तसे ते त्याच्याकडे पाहत.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता सासऱ्यांच्या बिडीत. कोल्हापूरजवळच्याच मलकापूरचे आमचे सासरे, म्हणजे मामा, बोलायचे कमी आणि खोकायचे जास्त. गंज डोळ्यांनी दाखवला तरच यांची बिडी सुटेल, असं साडूंनी मनाशी घेतलं. पण मामांपुढे तो शब्द उच्चारायचा कसा? शेवटी लाजत म्हणाले, "मामा, उद्या सकाळची पहिली धार बाटलीत आणाल?"

"त्यात काय, आणतो की!"

मामा पहिल्या एसटीनं प्रयोगशाळेत हजर. बाटली काठोकाठ, वर फेस. "म्हशीची हाय, जावईबापू. पाण्याचा थेंब न्हाय. लावा तोंडाला!" साडूंनी घाम पुसत खरी मागणी कानात सांगितली, तेव्हा मामांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "जावयाला मान द्यायचा असतोय, मूत न्हाय!"

मग अबोला. अखेर सासूबाईच कडाडल्या, "पोरानं आजवर काय मागितलंय का? मागतोय तर द्या की!" तेव्हा मामा आले ते ताट घेऊनच: टॉवेल, टोपी, नारळ आणि मधोमध बाटली. साडूंनी ती टोपी घातली, गाळणं-बिळणं उरकलं आणि यंत्र सुरू केलं. कागदावर शिखर चढतच गेलं. "आयला, ह्यो तर जोतिबाचा डोंगर!" मामा पुटपुटले. साडू म्हणाले, "याचा सपाट रंकाळा करायचा, मामा." बिडीचं बंडल तिथल्याच टोपलीत पडलं. पुढल्या खेपेला रंकाळा नाही, पण टेकडी नक्की झाली होती.

त्यानंतर मामा बरीच वर्षं जगले, न खोकता भांडले आणि गेले. साडू निवृत्त झाले तेव्हा प्रयोगशाळेतला त्यांचा नमुन्यांचा फ्रीझर रिकामा करायला मी गेलो होतो. सगळ्या बाटल्या गेल्या. एक त्यांनी हातातच धरून ठेवली. डोक्यावर तीच टोपी, आता पिवळी पडलेली.

"टाका की," मी म्हटलं.

"कशी टाकू?" ते म्हणाले. "आहेर आहे तो."