पाळणा हलवायच्या गोळ्या

गयाबाई नसत्या तर मी बी.फार्म. झालो नसतो. नांदेडच्या आमच्या वसतिगृहात त्या भाकरी करायच्या; आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. पहिल्या वर्षी नापास होऊन मी पेटी भरली, तेव्हा त्यांनी ताट पुढं सरकवलं. "जेव आधी. मग बघू कुठं जातो ते." मी गेलो नाही.

त्याच मावशींनी यंदा, मी कामाला असतो त्या मेडिकलच्या काउंटरवर लेट्रोझोल गोळ्यांच्या न फोडलेल्या स्ट्रिप ठेवल्या. त्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं होतं.

"परत घे, लेकरा. पोळ्यापासून बंद केल्यात."

"का?"

"तालुक्याला एक मेडिकलवाला पाकीट बघून हसला. म्हणे, ह्या तर पाळणा हलवायच्या गोळ्या! जाऊ संगं होती. तिनं गावभर केलं. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली, अन् बाया इचारतात, कितवा महिना?"

मालक गल्ल्यावरून म्हणाले, "घे परत अन् मोकळा हो. गिऱ्हाईक बंद म्हणलं की बंद."

"बंद करायचं डॉक्टर ठरवतील, मालक. मावशींची जाऊ न्हाई."

"दुकान सोडून वकिली करून राहिला का तू?"

"हाव. आजच्यापुरती."

ॲप्रनवरच मी मावशींना समोरच्या हॉस्पिटलच्या ओपीडीत, त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

मेडिकलवाला अर्धं खरं बोलला होता. मूल हवं असलेल्या तरुण बाईला हीच गोळी थोडे दिवस देतात. पण स्तनाचे काही कॅन्सर इस्ट्रोजन या हार्मोनवर पोसतात. पाळी गेल्यावरही अंगात थोडं इस्ट्रोजन तयार होतं. ही गोळी ते रोखते. म्हणून ती वर्षानुवर्षं, रोज. डॉक्टरांनी मावशींना तपासून गोळी पुन्हा सुरू केली.

बाहेर येऊन मावशी म्हणाल्या, "घेईन रे. पण चोरून घेईन."

चोरून घेतलेली गोळी फार दिवस चालत नाही, हे काउंटरवर उभं राहून कळतं. म्हणून मी पत्र पाठवलं. मावशींच्या सुनेनं ते ओट्यावर, बायांच्या समोर वाचलं. मावशींची गोळी अजून चालू आहे. पत्र असं होतं:

मावशी,

हे मोठ्यानं वाचायला सांगा. तुमची गोळी कॅन्सरची आहे. रोज एक, ठरल्या वेळेला. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. सांधे दुखले, अंगातून वाफा निघाल्या तर डॉक्टरांना सांगा. मनानं बंद करू नका. हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून सांगितलेली तपासणी चुकवू नका. कुणी आपल्या सुनेसाठी मागायला आलं तर एकही देऊ नका. पोटात लेकरू असेल तर त्याला धोका होतो.

आणि गोळी चारचौघांत घ्या. पाणी जाऊबाईंना मागा.

तुमचा,
संजय