बाभळीकडचा खांब

खो-खोतलं मला कळतं, हे मी आजही छाती ठोकून सांगते. शाळेत असताना तर लईच जोरात सांगायची. लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. जिल्ह्याचा मुलींचा पहिला संघ निघणार होता आणि त्यात आमच्या शाळेतून एकच मुलगी घेणार होते. एकच! तीही खांबावर झेप घेऊन गडी मारणारी. अशा आम्ही दोघीच होतो. फाटकाकडच्या खांबाला मी, बाभळीकडच्या खांबाला ती.

खरं सांगते, मला तिची कीव यायची. मी एका डावात तीन-तीन गडी मारायची, तिच्या हाताला एखादा लागला तर लागला. पळणारी पोरगी खांबाला वळसा घालून पसार व्हायची आणि ही मागं मातीत पालथी पडलेली. "अगं, खेळायलीस का लोळायलीस?" असं मी सगळ्यांसमोर म्हणायची. पोरी फिदीफिदी हसायच्या. ती गुडघे झटकून परत जागेवर बसायची.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. गावाला पाण्याचा टँकर यायचा तो शाळेच्या फाटकाशी उभा राहायचा. त्याच्या गळक्या नळीखाली आम्ही दोन बादल्या लावायचो आणि ते गढूळ पाणी मैदानावर शिंपायचो. दोन बादल्यांत होतंय काय? फाटकाकडचा खांब भिजेपर्यंत बादल्या रिकाम्या. बाभळीकडं थेंब पोचायचा न्हाई. कोण कुठं बसणार हे ठरवायची मी, कारण कॅप्टन मी. मी कुठं बसायची ते सांगितलंच आहे.

आमच्या सरांचा एक कायदा होता. शाळेतून कुणाचं नाव जाणार ते कॅप्टननं सांगायचं, सरांनी फक्त लिहायचं. जिला आपल्या पोरींची पारख न्हाई ती कसली कॅप्टन, असं त्यांचं म्हणणं. निवडीच्या दिवशी ते कागद घेऊन मैदानात आले. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती उठून उभी राहिली.

"सर, एक डाव आम्हा दोघींच्या जागा बदलून खेळू द्या. मग कॅप्टन जे नाव घेईल ते मला कबूल हाय."

"हाव, खेळू की!" मी म्हणाले. मला कशाची भीती?

बाभळीकडं बसल्यावर पहिलाच खो मला मिळाला. समोरची पोरगी खांबाकडं पळाली, आमच्यात हातभर अंतर. आता अंग झोकून द्यायचं, बस्स. मी खाली बघितलं. जमीन तडकलेली, त्यात बारीक बारीक दगड वर आलेले. माझे पाय जागच्या जागी थिजले. उभ्यानंच हात लांबवला, तोवर ती वळसा घालून गेली. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच. "ही काय खेळायची जागा हाय?" मी चिडून ओरडले. या वेळी कुणी हसलं न्हाई.

फाटकाकडं तिनं चार गडी मारले. तिची झेप मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. जमिनीला लागून, लांबलचक, माझ्यापेक्षा कितीतरी सरस. चिखलानं माखून ती हसत हसत उठली, तेव्हा मला तिचे गुडघे दिसले. खपलीवर खपली, तिच्यावर आणखी एक खपली. ही पोरगी रोज त्या दगडांवर अंग टाकायली होती आणि मी नुसते गडी मोजत बसले होते.

सर कागद गुडघ्यावर ठेवून बसले. ती धापा टाकत माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर काळजीचं नावसुद्धा नव्हतं. मी काय म्हणणार याची तिला खात्री होती.

"माझं नाव लिहा, सर," मी म्हणाले.

सरांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. पण कायदा त्यांचाच होता. त्यांनी लिहिलं. तिनं पायांत चपला सरकवल्या आणि घरी गेली. त्यानंतर ती मैदानावर आली न्हाई.

पुढं जिल्ह्याच्या संघातून नांदेडच्या कोरड्या मैदानावर सामना खेळले, तेव्हा संघासोबत आलेले सर रेषेबाहेरून "झेप घे, झेप घे" म्हणून घसा फोडत होते आणि मी खांबाशी उभीच होते. आम्ही हरलो. मला लाज वाटली, अजूनही वाटते. माझी लेक म्हणते, आई, तू तेव्हा लहान होतीस, तुला कळलं नसेल. छट्! डाव संपला तेव्हाच मला सगळं कळलं होतं. म्हणून तर सरांनी विचारायच्या आत मी माझं नाव सांगून मोकळी झाले.