नकाशावरची अर्धी गल्ली

वैजनाथ सेलूकरांनी महापालिकेत तेहतीस वर्षं आरेखकाची नोकरी केली. रस्ते, नाले, ले-आउट यांचे नकाशे काढायचे, हे त्यांचं रोजचं काम. पण निवडणूक जवळ आली की त्यांना निवडणूक शाखेत मागून घेत, कारण शहरातली गल्लीन् गल्ली त्यांच्या पायाखालची होती. वॉर्डांच्या सीमा तेच आखत. क्रमांक उत्तरेकडून, म्हणजे हर्सूलच्या बाजूनं सुरू करायचा आणि नागमोडी उतरत दक्षिणेला संपवायचा. सीमा शक्यतो रस्त्यानं किंवा नाल्यानं न्यायची. जनगणनेसाठी घरांचे जे गट पाडलेले असतात, ते अगदीच गरज असल्याशिवाय फोडायचे नाहीत. हे नियम त्यांना इतके पाठ होते की परिपत्रक उघडायची वेळ क्वचितच येई.

त्यांचे वडीलही कारकूनच. पोलीस ॲक्शननंतर उर्दूतलं दप्तर बंद झालं तेव्हा त्यांनी नव्यानं मराठीत टिपणं लिहायला घेतली आणि बावन्न सालच्या निवडणुकीच्या मतदार याद्या स्वतःच्या हातानं उतरवल्या. निवडणूक म्हणजे ठरलेल्या वर्षी येणारं काम, अशीच वैजनाथांची समजूत होती. त्यांच्या नोकरीची शेवटची तीन वर्षं येईपर्यंत ती खरीही होती.

दोन हजार वीसच्या सुरुवातीला वॉर्डांचा कच्चा आराखडा लागला आणि हरकती मागवल्या. चौथ्या दिवशी एक बाई आत आल्या. साठी ओलांडलेल्या, डोक्यावर पदर, हातात वहीचा कोरा कागद. दगडाबाई त्यांचं नाव. हर्सूलच्या पलीकडं, पूर्वी त्यांच्या सासऱ्याचं वावर होतं तिथं आता चाळीस घरांची गल्ली झाली होती. त्यांना लिहिता येत नव्हतं. कागद टेबलावर ठेवून त्यांनी वैजनाथांनाच विचारलं, हरकत कुठं सांगायची.

"सांगा की मावशी. काय आहे?"

"आमची अर्धी गल्ली एका वार्डात अन् अर्धी दुसऱ्यात. मागच्या पाच वर्सांतबी असंच व्हतं. चेंबर तुंबला की हा नगरसेवक म्हणतो त्याचा, तो म्हणतो ह्याचा. घाण माझ्या दारात."

वैजनाथांनी नकाशा उघडला. जनगणनेच्या गटाची हद्द नेमकी गल्लीच्या मधून गेली होती आणि त्यांनी सीमा तिच्यावरूनच ओढली होती. नियमानं ती बरोबर होती. पण गल्ली त्यांनी पाहिलेली होती. दहा फूट रुंद, दोन्हीकडच्या घरांना एकच ड्रेनेज लाईन. त्यांनी तो कागद पुढं ओढला आणि स्वतःच काढलेल्या सीमेवर स्वतःच्या अक्षरात हरकत लिहिली. शेजारच्या टेबलावरचे बद्रीनाथ हसून म्हणाले, की सेलूकरांना कामाचा फारच उत्साह आहे. दगडाबाईंनी अंगठा उमटवला.

सुनावणी झाली, हरकत मान्य झाली. वैजनाथांनी सीमा शेवटच्या घरामागच्या नाल्यावर नेली. दगडाबाईंना निरोप गेला. त्यानंतर वॉर्डरचनेचा वाद कोर्टात गेला, तिथून दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेला आणि निवडणूक थांबली. पाठोपाठ लॉकडाऊन लागला. एप्रिल संपता संपता सभागृहाची मुदत संपली, नगरसेवक माजी झाले आणि प्रशासक आले. वैजनाथांनी नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवला. महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे, असं त्यांना वाटलं.

दोन वर्षं गेली. बावीस साली पुन्हा हुकूम आला: आता तीन नगरसेवकांचा एक प्रभाग, म्हणजे जुना नकाशा रद्द, सगळं पहिल्यापासून. मार्चमध्ये विधिमंडळानं कायदा बदलला आणि प्रभाग आखायचा अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारनं आपल्याकडं घेतला. मे महिन्यात कोर्टानं आयोगाला सांगितलं, की थांबू नका. आज काम बंद, उद्या चालू, असं होत होत आराखडा पुरा झाला. या वेळी वैजनाथांनी ती गल्ली आपणहून अखंड ठेवली आणि शेऱ्यात जुन्या हरकतीचा क्रमांक टाकला. पावसाळ्यात सरकार बदललं. ऑगस्टमध्ये नगरसेवकांची संख्या पुन्हा जुन्याइतकी केली गेली आणि हाही नकाशा बाद झाला. ते प्रकरणसुद्धा कोर्टात गेलं आणि सगळं जैसे थे राहिलं.

त्याच महिन्यात दगडाबाई आल्या. गल्लीत गुडघाभर पाणी साचलं होतं आणि सांगायला कुणी माणूसच नव्हता. प्रशासकांच्या दालनाबाहेर त्या दोन दिवस बसून आल्या होत्या. वैजनाथांनी त्यांना खुर्ची दिली.

"मग हे ठरवायचं कुणी?" निवडणूक कोर्टात अडकल्याचं ऐकून दगडाबाईंनी विचारलं.

वैजनाथांनी समजावून पाहिलं. निवडणूक घ्यायचा अधिकार घटनेनं आयोगाला दिला आहे. कायदा सरकार करतं. तो घटनेत बसतो की नाही, ते कोर्ट सांगतं. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की तिघांचंही म्हणणं आपल्याला खरं वाटतंय आणि त्यानं या बाईंच्या दारातलं पाणी काही हटत नाही.

"अन् आमी?"

"तुम्ही हरकत घ्यायची, मावशी."

"ती तर घेतली ना. मंजूरबी झाली." त्या चिडल्या नव्हत्या. थकल्या होत्या. थोडा वेळ बसल्या, पाणी प्यायल्या आणि उठून गेल्या.

पुढच्या वर्षी जूनमध्ये वैजनाथ निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात बद्रीनाथ म्हणाले, सेलूकरांनी शेवटच्या तीन वर्षांत शहर दोनदा आखलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वैजनाथांच्या मनाला ते लागलं. त्या दोन्हींतलं एकही वापरात आलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी अनसूयाबाईंना एवढंच सांगितलं, की आता मी वर्तमानपत्रातली निवडणुकीची बातमीसुद्धा वाचणार नाही. ती त्यांनी खरंच दोन वर्षं वाचली नाही. औरंगपुऱ्यातल्या घराचे दोन जिने उतरायचे, भाजी आणायची, दुपारी झोपायचं.

पंचवीस साली सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. तिसरा आराखडा निघाला, आता चार नगरसेवकांचा प्रभाग. शहराचं नावही बदललेलं, नकाशाच्या मथळ्यावर नवं नाव. काम सगळं संगणकावर झालं, नव्या माणसांनी केलं आणि नियमाप्रमाणे केलं. सीमा पुन्हा गटाच्या हद्दीवरून गेली.

एका सकाळी दगडाबाई पत्ता विचारत दोन जिने चढून वर आल्या. दम लागला होता. सोबत वहीचा कागद होताच.

वैजनाथ म्हणाले, "मावशी, मी आता नोकरीत नाही. माझ्या शब्दाला तिथं किंमत नाही."

"म्हाईत हाय, साहेब. कागद लिवून द्या. न्यायला मी नेते."

त्यांना नाही म्हणायचं होतं. लिहून काय होणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. अनसूयाबाईंनी आतून त्यांचा चष्मा आणून कागदावर ठेवला आणि त्या चहा करायला गेल्या. वैजनाथांनी लिहिलं. वीस सालच्या मान्य हरकतीचा क्रमांक घातला, ड्रेनेज लाईनचं रेखाचित्र जोडलं. सुनावणीला तेही रिक्षानं बरोबर गेले. ज्या हॉलमध्ये त्यांनी टेबलाच्या आतल्या बाजूला किती सुनावण्या काढल्या होत्या, तिथं ते रांगेत उभे राहिले. त्यांचा क्रमांक एकशे बारावा होता. नंबर आला तेव्हा अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नोंद घेतल्याचं सांगितलं. दोन मिनिटं लागली. परत येताना दगडाबाईंनी विचारलं, होईल ना. वैजनाथ म्हणाले, माहीत नाही.

झालं नाही. अंतिम प्रभाग जाहीर झाले तेव्हा शेरा होता: गट फोडता येत नसल्यानं हरकत अमान्य. जुनी मंजुरी त्या जुन्या आराखड्यापुरतीच होती आणि तो आराखडा आता अस्तित्वात नव्हता. वैजनाथांनी शेरा दोनदा वाचला. चूक कुणाची दाखवावी, असं त्यात काही नव्हतं. ते स्वतः त्या खुर्चीत असते तर त्यांनीही कदाचित हेच लिहिलं असतं, आणि हा विचार त्यांना अमान्य झालेल्या हरकतीपेक्षा जास्त टोचला.

ही बातमी त्यांनी फोनवर न सांगता हर्सूलला जाऊन सांगितली. दगडाबाई ओट्यावर गवार मोडत होत्या. समोरच्या दारात त्यांची जाऊ साळूबाई बसली होती. दोघींमध्ये दहा फुटांचं अंतर, आणि मतदान दोन वेगळ्या शाळांत. दगडाबाईंनी ऐकलं. गवार मोडणं थांबलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "मत तर देता येईल?"

"येईल."

जानेवारीत मतदान झालं. सभागृह जाऊन पावणेसहा वर्षं होत आली होती. वैजनाथांनी सकाळीच जाऊन चार वेळा बटण दाबलं. निकालाच्या दिवशी खाली रस्त्यावर गुलाल आणि ढोल होते. अनसूयाबाईंनी टीव्ही लावू का विचारलं. ते नको म्हणाले आणि खिडकी लावून झोपले.

पाचच्या सुमारास फोन आला. दगडाबाईंना आपला नगरसेवक कोण, ते हवं होतं.

"तुमच्या बाजूचे चार निवडून आलेत, मावशी. आणि साळूबाईंच्या बाजूचे चार."

"म्हंजी एका गल्लीला आठ?"

"आठ."

दगडाबाईंनी तिकडं साळूबाईला हाक मारून आकडा सांगितला. मग त्या म्हणाल्या, "आठांचेबी फोन नंबर लिवून ठेवा. उद्या येते."