अदलाबदलीत गेलेली गोधडी

विणकाम करणाऱ्या बायका शांत स्वभावाच्या असतात, असं ज्यानं कुणी ठरवलं त्याला एकदा आमच्या ग्रुपात आणून बसवा. जुन्नरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत मॅडमचा बंगला आहे. मॅडम म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या बाई, सगळ्या त्यांना मॅडमच म्हणतात. त्यांच्या हॉलमध्ये महिन्यातून एका शनिवारी दुपारी आम्ही जमतो. कुणाच्या हातात सुया, कुणाच्या हातात क्रोशा, कुणी गोधडीचे तुकडे जोडत बसलेली. हात चालू असतात आणि तोंडं त्याहून जोरात चालू असतात.

कुणी नवीन वस्तू दाखवली की आमचं पहिलं वाक्य ठरलेलं, "उलटी बाजू दाखव." सुलट बाजू काय, कुणालाही जमते. उलट्या बाजूला गाठी, लोंबणारे दोरे, चुकलेले टाके सगळे उघडे पडतात, आणि तेच बघायची आम्हाला हौस. कळंबची एक बाई यायची. तिच्या घरी अजून मेंढरं आहेत. एकदा ती घरच्या लोकरीचा मफलर घेऊन आली, तर मॅडमनं तो दोन बोटांत धरला आणि उठून खिडकी उघडली. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. ती बाई पुन्हा आली नाही, आणि ती का येत नाही हे कुणी विचारलंही नाही.

माझी वहिनी, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको, डिंगोऱ्याहून यायची. तिला मीच आणलं होतं. तिला येऊन जाऊन एकच यायचं, मण्यांचं तोरण. दर वेळी तेच. मी म्हणायचे, "वहिनी, आमच्या घराची दारं संपली आता. नवीन घर बांधू का तुमच्या तोरणांसाठी?" ती खाली बघून मणी ओवत राहायची. मला वाटायचं, बाई गरीब आहे, हिला उत्तर सुचत नाही.

मी स्वतः स्वेटरवाली. माझी वीण बघायला लोक थांबतात, हे मी उगाच सांगत नाही. आईसाठी मी दर थंडीत एक स्वेटर विणायचे. पुढून उघडा, बटणांचा, छातीवर दोन्ही बाजूंनी वेणीची वीण. तो घेऊन डिंगोऱ्याला गेले की आई आल्यागेल्यांना दाखवायची, "लेकीनं केलाय, लई भारी हाय." मग घडी घालून ट्रंकेत ठेवून द्यायची. मी म्हणायचे, "अगं, घाल की." ती म्हणायची, "नवा हाय, खराब व्हईल." शेवटपर्यंत ती खांद्यावर जुना टॉवेल टाकून उन्हाला बसायची.

उन्हाळ्यात आई गेली. तेरावा उरकल्यावर मी वहिनीला म्हटलं, "वहिनी, आईचं एक लुगडं द्या मला. जुनं, विटकं, फाटकं, कसलंही चालेल." वहिनी म्हणाली, "लुगडी कुठं राहिल्यात ताई? काय व्हती नव्हती ती संपली." मी ट्रंक उघडून बघितली तर खरंच रिकामी. माझे स्वेटरही नव्हते, ते कुणाला वाटून टाकले असतील असं मी धरून चालले. मला आईच्या घरातून काहीच मिळालं नाही. भांडी नको होती, सोनं तर नव्हतंच. तिच्या अंगाला लागलेलं हातभर कापड पाहिजे होतं मला, तेवढंच. उन्हाळाभर मी त्यासाठी रडले.

दिवाळीनंतर आमची अदलाबदली असते. प्रत्येकीनं हातानं केलेली एक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची, चिठ्ठ्या टाकायच्या, जिची चिठ्ठी येईल तिची वस्तू आपली. नियम एकच, जे आलं ते आलं. परत मागायचं नाही आणि तोंड वाकडं करायचं नाही. तोंडं अर्थात सगळ्यांची वाकडी होतात.

त्या वर्षी वहिनीचं गाठोडं सगळ्यांत मोठं. मी म्हटलं, "ह्या वेळी गावच्या वेशीला तोरण केलं वाटतं." सगळ्या हसल्या. वहिनीची चिठ्ठी निघाली मॅडमला. मॅडमनं कागद फाडला आणि आत गोधडी. मॅडमनं ती सतरंजीवर पसरली, आणि मधोमध माझ्या आईचं हिरवं लुगडं. तांबडे काठ. पदराला चुलीच्या ठिणगीनं पडलेलं भोक, आणि त्यावर आईनं लावलेलं बदामी ठिगळ. ते ठिगळ लावताना सुईत दोरा मी ओवून दिला होता.

"ही माझ्या आईची लुगडी आहेत," मी म्हणाले.

मॅडमचं लक्षच नव्हतं. त्यांनी गोधडी उलटी केली आणि म्हणाल्या, "अगं बाई, टाके बघा! उलटी बाजू कुठली नि सुलट कुठली कळत नाही." सगळ्या जणी वाकून बघायला लागल्या. वहिनीचं कौतुक त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच होत होतं. तिचा चेहरा असा फुलला होता की मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मी म्हटलं, "मॅडम, मला द्या ही. बदल्यात माझं काहीही घ्या." मॅडम गोड हसल्या. "नियम म्हणजे नियम. आज तुझ्यासाठी मोडला तर उद्या सगळ्याच रडत येतील." एकीनं वरून मीठ चोळलं, "माहेरची गोधडी मागायची तर माहेरी जायचं बाई, इथं कशाला?" परत हशा. त्या हशात मी बसून होते, डोळे पुसायलाही लाज वाटत होती.

स्टँडवर मी वहिनीला गाठलं. आमच्याकडं बिबट्याच्या भीतीनं सगळ्यांना उजेडातच घर गाठायचं असतं, म्हणून ती एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवूनच उभी होती. "खोटं का बोललात मला?"

"खोटं कुठं? लुगडी न्हाईत म्हणलं. गोधडीचं तुमी इचारलंच न्हाई." आणि चढली वर. मी खाली धूळ खात उभी.

काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. "आईची आठवण असते, मला कळतं गं. असं कर, मला डबल बेडचं क्रोशाचं कव्हर करून दे, मग बघू." मग बघू! हे दोन शब्द मला तेव्हाच टोचायला हवे होते. महिनाभर रात्रंदिवस मी ते कव्हर करत होते. बोटाला घट्टा पडला, मानेची काशी झाली. कव्हर दिलं तर म्हणाल्या, "सुरेख! आता ह्यावर अभ्रे नकोत का?" अभ्रे दिले, तर टीपॉयवरचा रुमाल राहिला होता. घरी आमचे हे म्हणाले, "बाजारात मिळती की गोधडी, एवढं काय त्यात?" त्या दिवशी त्यांना चहा स्वतःच्या हातानं करून प्यावा लागला.

शेवटी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मॅडमनं सगळ्यांसमोर मला पिशवी दिली, वाण दिल्यासारखी. "घे बाई तुझी गोधडी. मशीनला कडक गरम पाण्यात धुऊन दिलीय. खेड्यातल्या वस्तू कुठं कुठं पडलेल्या असतात, आपल्याला काय माहीत. आणि केवढी जड गं! मशीन मध्येच बंद पडलं माझं." मी त्यांना थँक्यू म्हणाले. आजही ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

घरी येऊन गोधडी पसरली तर ती सरळच होईना. काठ आत ओढले गेलेले, मध्ये नांगरलेल्या रानासारखी ढेकळं. सुती कपडा असा आवळत नाही. गरम पाण्यात आटते ती लोकर, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. म्हणजे आत लोकर होती. वहिनीनं आत काय कोंबलंय बघू तरी म्हणून मी ब्लेड घेतलं आणि एक बाजू उसवली.

आत माझे स्वेटर होते. राखाडी, जांभळा, मोरपंखी, सगळे. पाठी कापून सपाट केलेल्या, बटणं काढून घेतलेली, वेणीच्या विणीवरून आडवी कातर चालवलेली. बाह्या तेवढ्या अख्ख्या होत्या, त्या कडेनं ओळीनं लावून टाकलेल्या. मी रात्र रात्र जागून घातलेले टाके, आणि त्यांचं भरताड केलेलं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सकाळच्या एसटीनं डिंगोरं गाठलं. वहिनी अंगणात कांद्याच्या पाती कापत बसली होती. मी "कशा आहात"सुद्धा म्हणाले नाही. पिशवी तिच्या पुढ्यात उलटी केली. "ह्याचा जाब द्या मला. आईला दिलेली वस्तू कापायचा तुम्हाला काय अधिकार? तुम्हाला जळायचं होतं ते माझ्यावर जळायचं होतं."

वहिनीनं विळा खाली ठेवला. एक बाही उचलून बघितली. "आटली व्हय? मॅडमनी मशीनला लावली असंल." आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "कातर मी न्हाई चालवली, ताई. आत्यानं चालवली."

"माझ्या मेलेल्या आईवर ढकलू नका!"

"मागल्या थंडीत हितंच बसल्या व्हत्या उन्हाला. थर त्यांनी लावलं, टाकं मी घातलं. त्यांना सुईचं दिसत नव्हतं. मी म्हणलं, आत्या, राहू द्या, ताईंनी हातानं केल्यात. तर म्हणल्या..."

"काय म्हणाली?"

"जाऊंद्या."

"बोला! आता कशाला गिळता?"

वहिनीनं आईचा आवाज काढला. लई हुबेहूब काढला, मान तशीच वाकडी करून. "'तिचा हात रिकामा राहत न्हाई, म्हणून करती ती. माझ्यासाठी केलं असतं तर एकदा तरी माप घेतलं असतं. बाही कोपराच्या वर जात न्हाई, नि हिचं आपलं दर साली चालूच. घाल आत, जाडी तरी यील.'"

वहिनीनं पाती परत हातात घेतल्या. "तुमी ग्रुपात माझ्या तोरणांवरनं बोलायच्या, तवा लई येळा तोंडावर आलं व्हतं माझ्या. न्हाई बोलले. एकदा चांगलं म्हणतील म्हणून गोधडी नेली, तर तीबी तुमाला सोसली न्हाई. आज तुमी जाब मागितला म्हणून सांगितलं." आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "चहा टाकू?"

चहा कसला घेते! तुकडे गोळा केले आणि रस्त्याला लागले. एसटीत बसून मी तिला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की शेजारची बाई सरकून बसली. मला आईचाही राग आला. मेलेल्या आईचा राग येतो, आणि तो काढायला जागा नसते. म्हणे माप घेतलं नाही! आपल्याच आईचं माप घ्यायला टेप लागतो का? आमची अंगलट एक, हाडं एक. लहानपणापासून सगळे म्हणत आलेत, ही थेट आईवर गेलीय. मी प्रत्येक स्वेटर माझ्या अंगाला लावूनच विणला होता. ट्रंकेत ठेवायचे तर ठेव म्हणावं, पण सरळ तोंडावर सांगायचं होतं ना, तंग होतं म्हणून. दुसरा केला असता. दहा केले असते. आल्यागेल्यांना दाखवून "लई भारी" कशाला म्हणायचं मग?

आणि वहिनी खोटं बोलत असेल तर? तिला जन्मभराचा सूड मिळत होता, आवाज काढणं काय अवघड आहे. हे मात्र मला तिथल्या तिथं बघता येण्यासारखं होतं. घरी आल्यावर दार लावलं, पिशवीतून राखाडी बाही काढली आणि हात घातला.

मनगटातून गेली. पुढं दंडाकडं नेली तर कोपराच्या खालीच अडली. अगदी वहिनी म्हणाली तिथं. मग आठवलं, कडक गरम पाणी. मॅडमचं मशीन. ही बाही आटलेली होती. किती आटली, बोटभर की वीतभर, ते आता लोकर बघून मलाही सांगता येणार नव्हतं, आणि एवढी वर्षं विणकामात घालवून त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. सांगितलं असतं ते आईनं. वहिनीला विचारलं तर ती सांगेल, आणि मी विश्वास ठेवणार नाही. मॅडमनं नुसती उन्हात वाळत घातली असती, तरी आज मला कळलं असतं की माझी आई माझ्याविषयी खरं बोलली की नाही.

बाही काढायला गेले तर निघेना. ओढली, फिरवली, हाताला तेल लावलं, लोकर कातडीला चिकटल्यासारखी घट्ट. अंग खाजायला लागलं. शेवटी उजव्या हातानं मी कातर घेतली आणि मनगटापासून कोपरापर्यंत ती बाही कापली.