अळणी भाजी
कुठल्या तरी खिडकीतून येसर मसाल्याच्या फोडणीचा वास आला की मला वडील गेले ती सकाळ आठवते. आईनं तेव्हा उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरातून कंपनीतल्या पोरांना डबे द्यायला नुकतीच सुरुवात केली होती. वडील पहाटे गेले. गावाकडची माणसं यायची होती, म्हणून वडिलांना बाहेरच्या खोलीत निजवलं होतं. मयत घरात असताना चूल पेटवायची नाही, म्हणून आई पीठ आणि वांगी घेऊन शेजारच्या मावशींच्या स्वयंपाकघरात शिरली. "आज तरी राहू दे गं," मावशी म्हणाल्या. "पोरं उपाशी कामावर जातील," म्हणत आईनं गॅस लावला. फोडणीचा वास भिंतीपलीकडं आमच्या घरात आला, तशी आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लई दगडाचं काळीज हाय बाईचं." वडिलांना नेईपर्यंत तोंडात काही घालायचं नव्हतं, त्यामुळं आईनं भाजीची चव घेतली नाही. डबे वेळेवर गेले. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "काकू, कालची भाजी पार अळणी होती." त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. "व्हय बाबा, काल हात चुकला," आई हसऱ्या आवाजात म्हणाली, "आज नीट करते." फोन धरलेल्या तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. आता माझ्या कँटीनमध्ये शिकायला येणाऱ्या बायका विचारतात, धंद्यात टिकायला अंगी काय लागतं. वेळ पाळा, असं मी सांगते. गिऱ्हाइकाशी गोड बोला, हे सांगायला मात्र तोंड उघडत नाही.